डिझेल पिकअपने ट्रेलर ओढणे: निगा, वजनाचं गणित आणि कामाचे बदल

डोंगरवाट (धागाकर्ता)

गाडी २०१६ ची राम २५००. क्रू कॅब, फोर बाय फोर, ६.७ लिटर कमिन्स, ६८आरएफई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, १,१२,००० मैल. सेकंडहँड घेतलेली, सर्व्हिसची कागदपत्रं अर्धवट. ओढायचा आहे ३० फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (चाकांवरचं राहतं घर), जीव्हीडब्ल्यूआर (भरलेल्या वजनाची कमाल मर्यादा) ८,६०० पौंड. मुक्काम डेन्व्हरला, त्यामुळे आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ओलांडणं आलंच.

१. ओढायला लागण्याआधी काय काय बदलून घ्यावं?
२. ट्यूनर (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलणारं उपकरण) आणि मोठा इनटेक (हवा आत घेणारा नळा) लावून ताकद वाढवावी का?
३. दोन-तीन वर्षांनी १२,००० पौंडांचा फिफ्थ व्हील (पिनने थेट पिकअपच्या हौद्यात टेकणारा ट्रेलर) घ्यायचा विचार आहे. माहितीपत्रकातला ओढण्याचा आकडा १७,००० च्या पुढे आहे, म्हणजे हीच गाडी चालेल ना?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मोजपट्टी

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. माहितीपत्रकातला आकडा विसरा. तो एसएई जे२८०७ या चाचणीप्रमाणे काढतात. त्यात गाडीत चालक आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचे, एवढीच माणसं धरतात. चार माणसं, मागे जनरेटर, कुत्रा, सायकली यांचा त्यात हिशेब नाही.

तुमचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर आहे. पिवळ्या-पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये. तो तुमचा पेलोड. चालकसुद्धा त्यातच. ट्रेलरची जीभ (पुढचा दांडा) हिचवर, म्हणजे पिकअपच्या जोडणीवर, जेवढा भार टाकते (टंग वेट) तोही त्यातच. तो आकडा इथे लिहा, मग गणित मांडू.

डोंगरवाट

आत्ताच पाहिलं. २,१८० पौंड. जीव्हीडब्ल्यूआर १०,०००.

मोजपट्टी

मग हे घ्या. ट्रेलर भरून साधारण ८,२०० पौंड होईल असं धरू. ट्रॅव्हल ट्रेलरचा टंग वेट एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हवा. १० च्या खाली गेला तर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. १३ टक्के धरला तर १,०७० पौंड. वजन वाटणारा हिच (दोन ताणलेल्या दांड्यांनी भार पुढच्या चाकांकडे ढकलणारा) स्वतःच १०० पौंडांचा. चार माणसं ५६०. मागच्या हौद्यात जनरेटर, हत्यारं, कूलर, सरपण वगैरे ३५०. बेरीज २,०८०. उरले १०० पौंड. म्हणजे बसतंय, पण काठोकाठ.

आता फिफ्थ व्हील. त्याचा पिनवरचा भार २० ते २५ टक्के असतो. १२,००० च्या २२ टक्के म्हणजे २,६४० पौंड. माणसं बसायच्या आधीच पेलोड संपून ४६० पौंड वर. ही गाडी १२,००० पौंड आरामात ओढेल, पेलणार मात्र नाही. फिफ्थ व्हीलच घ्यायचा असेल तर राम ३५०० (एक पायरी जड गाडी) लागेल, आणि तीही दाराची पट्टी वाचूनच.

बंडूनाना

एअरबॅग (मागच्या स्प्रिंगला आधार देणारे हवेचे फुगे) टाकल्या की झालं. २५०० आणि ३५०० मध्ये फरक स्प्रिंगचाच तर आहे.

मोजपट्टी

नाना, एअरबॅगने गाडीचं बूड वर येतं, पट्टीवरचा आकडा नाही. २०१४ पासून २५०० ला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, ३५०० ला पाटे. म्हणून २५०० मागून लवकर बसते आणि लोकांना वाटतं की स्प्रिंगचाच प्रश्न. बॅग जरूर टाका, हेडलाइट झाडांवर पडायच्या थांबतील. पण पेलोड तोच राहतो. शिवाय बॅगने गाडी उचलून घेतल्यावर पुढच्या चाकांवरचं गेलेलं वजन परत येत नाही. ते आणायचं काम हिचच्या दांड्यांचं. क्रम असा: बॅगमध्ये किमान हवा ठेवून आधी हिच नीट लावा, मग लागली तर थोडी हवा भरा.

पाना_पक्कड

पहिल्या प्रश्नाकडे येतो. कागदपत्रं अर्धवट आहेत म्हणताय, तर काहीच झालेलं नाही असं धरून चाला.

इंजिन ऑइल: फिल्टरसकट १२ क्वार्ट. सीके-४ दर्जाचं १५डब्ल्यू-४०, किंवा कोलोराडोच्या थंडीसाठी ५डब्ल्यू-४० सिंथेटिक. गाडीचा संगणक १५,००० मैलांपर्यंत थांबायला सांगतो. ओढकामाला त्याच्या निम्म्यावर बदला. ऑइल पातळ होण्याचं एक कारण लक्षात ठेवा: डीपीएफमधली (एक्झॉस्टची काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जाळायच्या वेळी सिलिंडरमध्ये जास्तीचं डिझेल सोडलं जातं, त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं. गाडी रोज तीन-चार मैलच चालत असेल तर हे जास्त होतं. डिपस्टिकवर पातळी *वाढलेली* दिसली तर खुश होऊ नका, ते डिझेल आहे.

डिझेल फिल्टर: २०१३ नंतरच्या गाड्यांना दोन असतात. एक बॉनेटखाली, दुसरा मागे चासीवर टाकीजवळ. बरेच लोक मागचा विसरतात. दोन्ही १५,००० मैलांना, एकाच वेळी. आधी मागच्या फिल्टरचं पाणी काढा. नवी ओ-रिंग स्वच्छ डिझेलने ओली करून बसवा, झाकण प्लॅस्टिकचं आहे, ताकद दाखवायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, नवा फिल्टर डब्यातून डिझेल ओतून *भरू नका*. ओतलेलं डिझेल गाळलेलं नसतं, त्यातला कण थेट इंजेक्टरला जातो. कॉमन रेल प्रकारात (सगळ्या इंजेक्टरना एकाच जादा दाबाच्या नळीतून डिझेल) इंजेक्टरच्या आतल्या फटी केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असतात. त्याऐवजी इंजिन सुरू न करता इग्निशन चालू करा, टाकीतला पंप अर्धा मिनिट चालू द्या, बंद करा, असं तीन वेळा करा. मग स्टार्ट. थोडं अडखळेल, मग सुरळीत.

क्रँककेस ब्रीदर फिल्टर: टॅपेट कव्हरवर असतो. ६७,५०० मैलांना बदलायचा. तुमच्या गाडीत एकदा व्हायला हवा होता. चोंदला की क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि सिलमधून ऑइल गळायला लागतं. मग लोक सिल बदलत बसतात.

टॅपेट: २०१८ पर्यंतच्या ६.७ ला हायड्रॉलिक लिफ्टर नाहीत, म्हणजे फट तपासावी लागते. १,५०,००० मैलांना सांगितलंय, पण सेकंडहँड गाडी आहे, आताच बघून घ्या. इंजिन थंड हवं. इनटेक ०.०१० इंच, एक्झॉस्ट ०.०२६ इंच. इनटेक ०.००६ ते ०.०१५ आणि एक्झॉस्ट ०.०१५ ते ०.०३० मध्ये असेल तर हात लावायची गरज नाही. पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून इनटेक १, २, ४ आणि एक्झॉस्ट १, ३, ५ बघायचे. मग क्रँक पूर्ण एक फेरा फिरवून इनटेक ३, ५, ६ आणि एक्झॉस्ट २, ४, ६. लॉकनट १८ पौंड-फूट.

कुलंट: २०१३ पासून ओएटी प्रकारचं, १० वर्षं किंवा १,५०,००० मैल. तुमचं वर्ष भरत आलंय. जुन्या एचओएटीशी मिसळू नका, गाळ होतो. आणि रेडिएटर आतून जितका महत्त्वाचा तितकाच बाहेरून. इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत कापूस, किडे, बिया यांची गादी जमते. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर मारा, समोरून मारलं तर गादी आणखी आत बसते.

बॅटऱ्या दोन आहेत. एक गेली तर दोन्ही बदला, नाहीतर जुनी नवीला खाते.

ह्यूस्टनकर

वरच्या यादीत ग्रिड हीटरच्या बोल्टचा उल्लेख यायलाच हवा. ६.७ ला थंडीत हवा गरम करायला इनटेकमध्ये ग्रिड हीटर आहे. त्याला करंट पोचवणारा बोल्ट आतल्या बाजूला, थेट हवेच्या वाटेत असतो. सांधा सैल झाला किंवा रिले चिकटला की तिथे ठिणग्या उडतात, बोल्ट झिजतो, वितळतो आणि तुकडा इनटेकमधून खाली जातो, बहुतेक वेळा सहाव्या सिलिंडरमध्ये. मग पिस्टन आणि हेड दोन्ही जातात. २०२५ च्या इंजिनात कमिन्सने ग्रिड हीटर काढून ग्लो प्लग बसवले.

तपासणी: दोन्ही बॅटऱ्यांच्या ऋण तारा काढा. इनटेकचा वरचा नळा (हॉर्न) उतरवा. टॉर्चने बोल्ट आणि नट बघा. नट हलतोय का, काळा-निळा पडलाय का, झिजून बारीक झालाय का? यांपैकी काहीही दिसलं तर गाडी तशी चालवू नका. करंटची जोडणी हवेच्या वाटेबाहेर घेणारे किट मिळतात. ओढकामाच्या गाडीत पैसे खर्च करायची ही पहिली जागा. बरं, इनटेक उघडलाच आहे तर आत काजळी किती साठली तेही दिसेल, त्यावरून ईजीआर कूलरची (परत इंजिनात सोडायचा एक्झॉस्ट थंड करणाऱ्या भागाची) अवस्था कळते.

चाफेकळी

बुकमार्क केला धागा. एक शंका: २०१६ च्या गाडीला तो बदनाम सीपी४ पंप (डिझेलचा दाब वाढवणारा) आहे का?

ह्यूस्टनकर

नाही. रामला २०१८ पर्यंत सीपी३. २०१९ आणि २०२० ला सीपी४ लावला, रिकॉल झाला, २०२१ ला परत सीपी३. फोर्डच्या ६.७ ला २०११ पासून सीपी४. जीएमच्या ड्युरामॅक्सला २०११ ते २०१६ (एलएमएल) सीपी४, २०१७ च्या एल५पी पासून डेन्सोचा पंप.

बिघाड कसा होतो ते सांगतो. सीपी४ मध्ये कॅमवर फिरणारा रोलर असतो. तो एका टॅपेटमध्ये बसतो, आणि टॅपेट स्वतःभोवती फिरू नये अशी पक्की अडवणूक त्यात नाही. हवेचा बुडबुडा आला किंवा डिझेलात स्निग्धपणा कमी पडला की टॅपेट ९० अंशात वळतो. रोलर फिरायचा थांबतो आणि कॅमवर घासतो. लोखंडाचा कीस पंपातून रेलमध्ये, तिथून इंजेक्टरमध्ये, परतीच्या नळीने टाकीतही. मग पंप, रेल, आठही इंजेक्टर, नळ्या सगळं बदलायचं. खर्च सहज १०,००० डॉलर.

अमेरिकेत डिझेलच्या स्निग्धपणाची मर्यादा ५२० मायक्रॉनची (घासचाचणीत पडणाऱ्या खुणेची), युरोपात ४६०. म्हणजे इथलं डिझेल कायद्यानेच जरा कोरडं. सीपी४वाल्यांनी तीन गोष्टी कराव्यात: फिल्टर वेळेवर, टाकी पाव खाली जाऊ न देणं, आणि २ ते ५ टक्के बायोडिझेल मिळालं तर आनंदाने भरणं किंवा स्निग्धपणा वाढवणारं अ‍ॅडिटिव्ह. वर बायपास किट. त्याने पंप वाचत नाही, पण कीस इंजेक्टरकडे न जाता फिल्टरमार्गे टाकीकडे वळतो. दहा हजारांचं नुकसान पंपाच्या किमतीवर येतं.

पाना_पक्कड

गिअरबॉक्स राहिला होता. ६८आरएफईचा दुबळेपणा दोन ठिकाणी: टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच आणि ओव्हरड्राइव्हचे क्लच. पाचवा ०.८२ आणि सहावा ०.६३, दोन्ही ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा गिअरबॉक्सचा बाहेरचा दांडा जास्त फिरतो). चौथा सरळ १.००. ट्रेलर लावून चढावर सहाव्यात रेटलं तर क्लच घसरतो, घसरला की तापतो, तापला की ऑइल जळतं. म्हणून टो/हॉल (ओढकामासाठी गिअर बदलायची पद्धत) चालू, आणि चढ दिसला की गिअर लिव्हरवरच्या बटणाने वरचे गिअर बंद करून चौथा-पाचवा धरा. इंजिन २,००० ते २,५०० फेऱ्यांवर गरजू द्या. त्याला काही होत नाही, उलट पंखा आणि पाण्याचा पंप जोरात फिरतात.

ऑइल एटीएफ+४, दुसरं कुठलंही नाही. पॅन उतरवला की आत दोन फिल्टर दिसतील, एक चपटा आणि एक डब्यासारखा आट्यांचा. दोन्ही बदला. चपट्या फिल्टरचं जुनं रबरी सिल वरच्या भोकात चिकटून राहतं. ते न काढता नवं घुसवलं की पंप हवा ओढतो आणि नवा गिअरबॉक्सही आठवड्यात जातो. पॅनमधल्या चुंबकावर राखाडी लेप असेल तर ठीक. चकचकीत तुकडे किंवा काळा, करपलेला वास असेल तर ओढायला नेऊ नका. निघालेलं ऑइल मोजा, तेवढंच घाला, मग गरम झाल्यावर इंजिन चालू ठेवून डिपस्टिकच्या हॉट खुणांमध्ये आणा. ओढकामाला ६०,००० मैलांची वाट बघू नका, ३०,००० ला बदलत जा.

डॅशवर ऑइलचं तापमान येतं, ते पान उघडं ठेवा. १६० ते २०० अंश फॅरनहाइट रोजचं. २२० ला गिअर उतरवा, वेग कमी करा. २४० च्या पुढे गाडी बाजूला, न्यूट्रल, इंजिन चालू. बंद केलं तर तेल फिरायचं थांबतं.

बंडूनाना

सगळं मान्य, पण डीपीएफ-ईजीआर काढून ट्यून टाकला की ही अर्धी दुखणी जातात आणि मैलेजही वाढतं. सगळेच करतात.

ह्यूस्टनकर

सगळे करत नाहीत, आणि करू नये. क्लीन एअर अ‍ॅक्टमध्ये प्रदूषणरोधक भाग काढणं आणि त्यासाठीचं उपकरण विकणं, लावणं, तिन्ही बेकायदा. कमिन्सने स्वतः रामच्या इंजिनांतल्या सॉफ्टवेअरबद्दल १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला आहे. कॅलिफोर्नियात १९९८ पासूनच्या, १४,००० पौंडांपर्यंतच्या डिझेल गाड्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी आहे. त्यात भाग जागेवर आहेत का ते डोळ्यांनी बघतात.

कायदा बाजूला ठेवला तरी गणित जमत नाही. ट्यूनने वाढलेला टॉर्क जातो कुठे? त्याच ६८आरएफईच्या क्लचमधून. ८०० पौंड-फूटलाच जो काठावर आहे, त्याच्या गळ्यात आणखी धोंडा कशाला? मोठा इनटेक म्हणजे फक्त आवाज, मूळ एअर बॉक्स या इंजिनाला पुरेसा आहे. कॅलिफोर्नियाच्या एआरबीचा (हवा प्रदूषण मंडळाचा) मंजुरी क्रमांक असलेले सौम्य ट्यून कायदेशीर असतात, पण ८,२०० पौंडांना त्याचीही गरज नाही.

आणि डीपीएफला ओढकाम आवडतं. चढावर एक्झॉस्ट आपोआपच इतका तापतो की काजळी चालता चालता जळते. डीपीएफ चोंदतो तो किराणा आणायच्या फेऱ्यांनी. टर्बोचंही तसंच. या गाडीचा एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्टची वाट आवळून इंजिनाकडून वेग रोखणारा) म्हणजे टर्बोतली हलती पातीच. रिकाम्या गाडीतही तो रोज चालू ठेवा, पात्यांवर काजळी धरत नाही.

डोंगरवाट

पटलं. ट्यूनर बाद. मग पैसे घालायचेच असतील तर कुठे?

पाना_पक्कड

माझा क्रम: ग्रिड हीटरचं किट. चांगला हिच. ट्रेलरचे टायर. ट्रेलरच्या टायरचे प्रेशर सेन्सर. एअरबॅग. बस. पुढे कधी ट्रेलर बदलला तर विजेवर चालणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, ओल्या उतारावर ड्रमपेक्षा ते जमीन-अस्मान.

ट्रेलरची निगा पिकअपइतकीच, आणि लोक तिकडेच काणाडोळा करतात. बेअरिंग दर १२,००० मैलांना किंवा वर्षाला उघडून, धुऊन, ग्रीस भरून, नवं सिल. अर्धा इंची बोल्ट असतील तर चाकांचे नट ९० ते १२० पौंड-फूट. चाक काढून बसवलं की १०, २५ आणि ५० मैलांवर पुन्हा टॉर्क पाना लावा. टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ३११९ म्हणजे २०१९ चा ३१वा. सहा वर्षं झाली की नक्षी कितीही दिसो, काढून टाका. ट्रेलरचे टायर झिजून मरत नाहीत, उन्हाने मरतात. टायर थंड असताना हवा बाजूवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरा. वेगाचं चिन्ह नसेल तर ६५ मैलांच्या वर नेऊ नका.

ब्रेक कंट्रोलरचा गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर): सपाट, मोकळ्या जागेत २०-२५ मैलांवर फक्त ट्रेलरच्या ब्रेकची दांडी पूर्ण दाबा. चाकं अडकण्याच्या किंचित अलीकडे येईतो गेन वाढवत न्या. ट्रेलर रिकामा आणि भरलेला, दोन्हीचे आकडे वेगळे येतील, लिहून ठेवा.

चाफेकळी

ट्रेलर हलायला लागला तर काय करायचं? नुसतं वाचूनच धडकी भरते.

मोजपट्टी

ताई, पहिलं म्हणजे पिकअपचा ब्रेक *दाबायचा नाही*. पिकअप हळू होते, ट्रेलर मागून ढकलतो, कात्री होते, म्हणजे दोन्ही जोडणीपाशी दुमडतात. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावा. तो मागून ओढतो आणि दोन्ही एका रेषेत येतात. सावरलं की पुढच्या सुरक्षित जागी थांबून सामान बघा. बहुधा जड वस्तू ट्रेलरच्या मागच्या टोकाला असतात. साठ टक्के वजन एक्सलच्या पुढे हवं.

ओहायोकर

इथेच विचारतो. बजेट ८,००० डॉलर. फोर्ड ६.० पॉवरस्ट्रोक स्वस्तात दिसतात. घ्यावी का?

ह्यूस्टनकर

२००३ ते २००७ चा ६.० स्वस्त का, ते समजून मग घ्या. साखळी अशी: ऑइल कूलरच्या बारीक वाटा कुलंटमधल्या कचऱ्याने चोंदतात. ईजीआर कूलरला कुलंट तिथूनच मिळतं, ते कमी पडतं. ईजीआर कूलर फुटतो, कुलंट सिलिंडरमध्ये जातं, दाब वाढतो, आणि ताणून बसवलेले हेड बोल्ट हार मानतात. हेड गॅस्केट जातं, दोष गॅस्केटला लागतो.

घेताना स्कॅनर न्या. गाडी पूर्ण गरम करून सपाट रस्त्यावर ६५ मैलांनी चालवा. ऑइल आणि कुलंटच्या तापमानात १५ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त अंतर असेल तर ऑइल कूलर गेलेला आहे. एफआयसीएमचा (इंजेक्टरना वीज देणाऱ्या नियंत्रकाचा) व्होल्टेज ४८ हवा, थंड स्टार्टला ४५ च्या खाली गेला तर तोही गेला. कुलंटच्या टाकीभोवती पांढरी खपली दिसली तर हात जोडून परत या. हेड स्टड, नवा ऑइल कूलर आणि चांगला ईजीआर कूलर यांच्या पावत्या असलेली गाडी मिळाली तर मात्र वाईट नाही.

त्याच पैशात २००१ ते २००४ ची ड्युरामॅक्स एलबी७ मिळेल. तिचे इंजेक्टर टॅपेट कव्हरच्या आत असतात. गळले तर डिझेल ऑइलमध्ये. आठ इंजेक्टर बदललेल्याची पावती बघा. ५.९ कमिन्स मिळाली तर या दोन्हींपेक्षा बरी, पण पत्रा गंजलेला नाही ना ते ओहायोत आधी बघायचं. तिथलं मीठ इंजिनाच्या आधी चासी खातं.

मेलबर्नची_मैना

अवांतर: ऑस्ट्रेलियात हाच घोळ जीसीएममध्ये (गाडी आणि ट्रेलरच्या एकत्र वजनाच्या मर्यादेत) होतो. फोर्ड रेंजर पीएक्स ३,५०० किलो ओढेल असं सांगतात. पण गाडी आणि ट्रेलर मिळून मर्यादा ६,००० किलो. म्हणजे ३,५०० चा कॅरॅव्हॅन लावला की गाडीला २,५०० उरतात, आणि रिकामी गाडीच साधारण २,२०० ची. माणसं, बुलबार, डबल टाकी सगळं ३०० किलोंत. इथे २,००० किलोंच्या वरच्या ट्रेलरला सर्व चाकांना ब्रेक आणि तुटून सुटला तर आपोआप लागणारा ब्रेक सक्तीचा आहे. भारतातून नवीन आलेल्यांना हे कुणी सांगत नाही.

पाना_पक्कड

डोंगरवाट, आयझेनहॉवरबद्दल. बोगद्याची उंची ११,१५८ फूट. पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नपर्यंत ७ टक्के उतार. खंडाळ्यात ट्रकवाले पाळतात तोच नियम: ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. बोगद्यातून बाहेर पडायच्या *आधी* टो/हॉल, एक्झॉस्ट ब्रेक फुल, तिसरा किंवा चौथा गिअर, ४५ मैल. वेग ५ मैलांनी वाढला की एकदा ठाम ब्रेक मारून ४० वर आणा आणि पाय काढा. पाय सतत टेकवून ठेवला की लायनर तापून चमकतात आणि खाली पोचायच्या आत ब्रेक विरघळल्यासारखे होतात. रस्त्यालगत ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रॅम्प आहेत ते उगाच नाहीत.

थंडीतलं एक वेगळं: डीईएफ (एक्झॉस्ट स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचा द्रव) १२ अंश फॅरनहाइटला गोठतं. टाकीला हीटर आहे, गाडी चालू होते, घाबरू नका. डिझेल मात्र जेली व्हायच्या *आधी* अँटीजेल घालायचं. झाल्यावर उपयोग नाही. टेक्सासमध्ये भरलेली टाकी घेऊन जानेवारीत वर चढणाऱ्यांची गंमत होते.

डोंगरवाट

हिच बसवून आज ट्रकस्टॉपवरच्या कॅट काट्यावर तीनदा वजन केलं. चौघेही गाडीत, हौद्यात सामान. आकडे पौंडांत, पुढचा एक्सल, मागचा एक्सल, ट्रेलर या क्रमाने:

दांड्या ताणून: ४,६६०, ५,१४०, ७,२२०
दांड्या सोडून: ४,४२०, ५,४८०, ७,१२०
फक्त पिकअप: ४,८८०, ३,९४०

मोजपट्टी

व्वा, असे आकडे देणारा धागाकर्ता विरळा.

दांड्या सोडून पिकअप ९,९००, एकटी ८,८२०. फरक १,०८० म्हणजे तुमचा टंग वेट. ट्रेलर ७,१२० अधिक १,०८०, एकूण ८,२००. म्हणजे १३.२ टक्के, अगदी हवा तिथे. पुढच्या एक्सलवरून ४६० उडाले होते, दांड्यांनी २४० परत आणले. निम्म्याहून थोडे जास्त. या गाडीला एवढं पुरे, आणखी ताणू नका. ताणलेल्या स्थितीत पिकअप ९,८००, मर्यादेच्या २०० आत.

एकच विचारते: टाकी किती भरलेली होती?

डोंगरवाट

निम्मी.

मोजपट्टी

टाकी ३२ गॅलनची, डिझेल गॅलनला सात पौंड. निम्मी राहिलेली म्हणजे ११२ पौंड. भरलीत की ९,९१२. अंदाजात हौद्याला ३५० धरले होते, प्रत्यक्षात त्याहून शंभरेक जास्त निघाले. सगळ्यांचंच निघतं. हौद्यातली सगळ्यात जड आणि सगळ्यात बिनकामाची वस्तू कोणती?

डोंगरवाट

सरपण. दोन पोती.

मोजपट्टी

घरी ठेवा. दुसऱ्या भागातलं सरपण नेऊच नये, लाकडातून भुंगेरे पसरतात, बऱ्याच कॅम्पग्राउंडवर बंदीच आहे. तिथेच विकत घ्या. आणि ट्रेलरची पाण्याची टाकी कुठे आहे ते बघा. पाणी गॅलनला ८.३ पौंड, टाकी एक्सलच्या पुढे असेल तर भरल्यावर टंग वेट वाढेल, मागे असेल तर कमी होईल. एकदा भरून फक्त मधलं (दांड्या सोडून) वजन पुन्हा करा. २४ तासांत त्याच काट्यावर गेलात तर फेरवजनाचे पैसे थोडेच लागतात.

डोंगरवाट

टाकी मागे आहे, ४० गॅलनची. उद्या सकाळी भरून काट्यावर नेतो, आकडे इथेच टाकतो.